तळघरातून : श्रीखंडाशेजारची डबी

मंडळी, घरातल्या फ्रिजवर सत्ता कोणाची, हा प्रश्न आमच्याकडे गणपतीच्या आधी कायमचा निकालात निघाला. मंडळाच्या आराशीसाठी दिव्यांची पाटी करायची म्हणून आम्ही सोल्डर पेस्ट मागवली आणि ती डबी श्रीखंडाशेजारी ठेवली. सौ.ने विचारलं, "यात काय आहे?" आम्ही म्हणालो, "कथील आणि शिसं." पुढचा संवाद छापण्याजोगा नाही. पण तिचं शंभर टक्के बरोबर होतं. शिशाची वस्तू खाण्याच्या फ्रिजमध्ये, तेही घरात मूल असताना, ठेवायचीच नाही.

पण फ्रिज लागतो कशाला? लहानपणी दारावर येणारा कल्हईवाला आठवा. तापल्या भांड्यात तो नवसागर टाकी आणि वर कथील फिरवी. सोल्डर पेस्ट म्हणजे तसेच दोन जिन्नस आधीच कालवून ठेवलेले : धातूची बारीक भुकटी आणि चिकट फ्लक्स. जुन्या पद्धतीच्या पेस्टमधला धातू ६३ टक्के कथील नि ३७ टक्के शिसं, १८३ अंश सेल्सिअसला वितळणारा. फ्लक्सचं काम धातूवरचा गंज खाण्याचं, आणि ते डबीतही चालूच राहतं. उकाड्यात भराभर, गारव्यात सावकाश. बहुतेक साध्या पेस्ट २ ते १० अंशांत सहाएक महिने टिकतात. फ्रीझरमध्ये मात्र टाकू नये, फ्लक्स वेगळा होतो.

हे सगळं ठाऊक असून आम्ही घोटाळा केला. एवढं इकडे येऊन मास्टर्स केलं, पण डबी बाहेर काढली आणि लगेच उघडली. ऑगस्टची दमट हवा! थंड ताकाच्या पेल्यावर पाणी सुटतं, तसं ते पेस्टवर सुटलं. पाटी तापवली तर फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज आणि जिकडेतिकडे कथलाचे मणी. निम्मे दिवे लागलेच नाहीत. पाटीवरचा मोदक लेकीने काढला होता. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. आरतीला कोणाच्या तरी नाताळच्या माळा लावल्या.

आता डबी आदल्या रात्रीच बाहेर काढतो. झाकण निदान चार तास तरी उघडायचं नाही, आणि गरम पाण्यात धरण्याची हुशारीही नाही. लागेल तेवढीच पेस्ट काढायची. उरलेली परत डबीत गेली की चांगलीही बिघडते. (दह्याच्या विरजणाला उष्टा चमचा लावतो का आपण?) मोठी डबी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, हौशी माणसाला छोटी सिरिंज पुरते. ती टोक खाली करून उभी ठेवावी. तारीख उलटली तरी लगेच टाकू नका : ढवळून भंगार पाटीवर ठिपका तापवून पाहा. एकच चकचकीत थेंब झाला तर किरकोळ दुरुस्तीला चालेल. रव्यासारखी मोकळी झाली असेल तर नाद सोडा. ती कचऱ्यात किंवा सिंकमध्ये नको, काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर द्या. काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे, हे सांगायला नकोच.

गराज सेलमधून आणलेला छोटा फ्रिज आता तळघरात आहे. त्यावर लेकीने मराठीत लिहिलंय, 'खायचं नाही'. परवा श्रीखंडाला वर जागा पुरेना, तेव्हा सौ.ने विचारलं, "तुमच्या खालच्या फ्रिजमध्ये ठेवू का?" या वेळी नाही म्हणायची पाळी आमची होती.