भवरलालजी आणि ‘ती’



आमच्या अंतरवाली सराटीकडे मोसंबीच्या बागेत ठिबकच्या नळ्या दिसल्या की जैन इरिगेशनचे भवरलालजी आठवतात. वाकोदच्या शेतकरी घरातले. वाणिज्य आणि कायदा शिकले, सरकारी नोकरी नाकारली आणि १९६३ साली घरच्या ७,००० रुपयांवर रॉकेल विकायला लागले. २०१६ मध्ये ते गेले तेव्हा कारखाने, पद्मश्री, सगळं छापून आलं.

मला मात्र त्यांचं ‘ती आणि मी’ मोठं वाटतं. पत्नी कांताबाईंवर अख्खं पुस्तक! नाहीतर आपल्याकडे दुकानदार गेला की श्रद्धांजलीत बायकोच्या वाट्याला ‘मोलाची साथ’ एवढे दोनच शब्द. उधारी थकली तेव्हा दागिने कोणी मोडले, हे नवऱ्याने स्वतः लिहावं. लिहिता येत नसेल तर निदान सुनांसमोर सांगावं, दोघंही असताना.