सात कोणाचा, बारा कोणाचा?



शेतकरी कोण, हे नांगर ठरवत नाही. तलाठ्याचं दप्तर ठरवतं. सातबाऱ्यातला सात म्हणजे मालकी, बारा म्हणजे पीक. मालवण-आचऱ्याच्या मळ्यात गुडघाभर चिखलात भात लावणाऱ्या कुठल्याही म्हातारीला विचारा, सातावर नाव आहे काय? ती म्हणेल, "आमचा नाव खंय आसा, बाबा?"

हे दुखणं जुनं आहे. सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला. त्याआधीच्या रत्नागिरी जिल्ह्यात खोत कुळाच्या पिकातला अर्धा नाहीतर तिसरा वाटा उचलायचा. अर्धेल, तिर्धेल. वर वेठ फुकट. १७ सप्टेंबर १९३७ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती मोडण्याचं बिल मांडलं. १० जानेवारी १९३८ला हजारो शेतकरी, महार आणि कुणबी एकत्र, कौन्सिल हॉलवर धडकले. बिल पास झालं नाही. खोती कायद्यानं मेली ती १९४९ साली.

मग कुळकायदा आला. १ एप्रिल १९५७पासून कसणारा मालक. वा! पण कसणारा कोण? ज्याचं नाव कूळ म्हणून दप्तरात लागलं तो. तोंडी बोलीवर राबणाऱ्याकडे ना पावती ना पुरावा. कित्येकांकडून राजीनामे लिहून घेतले. कायदा कागदवाल्याला पावला.

१९९०मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली. अनुदान शंभर टक्के. वरकस जमिनीवर गरीब माणूस नाचणी-वरी पेरायचा, गुरं चारायचा. तिथं हापूस, काजू उभा राहिला. बागेशी आमचं भांडण नाही, बागेनं कोकणात पैसा आणला. पण अनुदान सातबाऱ्याला मिळालं. बिनसातबाऱ्याचा माणूस त्याच बागेत खड्डे खणायला रोजावर गेला, आणि त्याच्या नाचणीच्या जागेला कुंपण पडलं. २०१९पासून पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये मिळतात. तेही जमीन नावावर असलेल्यालाच. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला साली एक पै नाही.

आता आपल्या घरात बघू. कुळकायद्यात, वतनात काहींना तुकडा मिळाला. आजा गेला, वारसनोंद झाली नाही. झाली तिथं एका तुकड्यावर वीस नावं. अर्धी चेंबूरला, अर्धी डोंबिवलीला. गावात एकटा काका राबतो. २०१८च्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत कोकणात दहा गुंठ्यांवरही झाडं लावता येतात, पण सातबारा सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांची संमती लागते. म्हणजे तुझी सही. तू मोर्चात कसेल त्याची जमीन म्हणून घसा फोडतोस, आणि काकाचा अर्ज तुझ्या सहीवाचून कुजतो. खोताला शिव्या घालणं सोपं आहे. त्याचं काम आता आपली आळशी सही करतेय.

म्हणून दोन मागण्या सरकारकडे. तोंडी बोलीवर कसणाऱ्याची वेगळी नोंद करा आणि तिच्यावर अनुदान, पीककर्ज द्या. वारसनोंदीला तलाठी वाडीवर पाठवा, म्हाताऱ्यांना तालुक्याला खेटे घालायला लावू नका.

आणि एक मागणी तुमच्याकडे. मे महिन्यात जयंतीला गावी जाल तेव्हा निळा झेंडा लावा, भाषणं ठोका. पण परतीची गाडी धरण्याआधी सातबारा काढून वाडीत मोठ्यानं वाचा. कोणाचं नाव आहे, कोणाचं नाही, सगळ्यांना ऐकू द्या. काकाच्या संमतीपत्रावर सही करा. जो राबतो त्याचं नाव वर आलंच पाहिजे.

जय भीम!