बाळ कुणाकडे ठेवलंस?



गेली दहा वर्षं शिबिरांमधून मी एक वाक्य बोलत आले : 'बायांनो, रोज एक तास स्वतःसाठी काढा.' एम.एस.डब्ल्यू. झालेली, हातात खडू. फळ्यावर चोवीस तासांचा गोल काढायचा, त्यात बायकांकडून त्यांची कामं भरून घ्यायची आणि रिकामा तुकडा कुठं सापडतो ते विचारायचं. बाया नुसत्या हसायच्या. त्या का हसत होत्या, हे कळायला माझं स्वतःचं बाळंतपण यावं लागलं.

माझं माहेर दौंडचं, सासर शिरूरचं. सव्वा महिना माहेरी झाला. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कशाला म्हणून कमी नव्हतं. मला लहानपणापासून गोधडीचा नाद. जुनेरं फाडायची, ठिगळं जुळवायची, धावदोऱ्याच्या ओळी ओढत जायच्या. बाळाची कुंची नाहीतर दुपटं शिवायला सुई घेतली तर कुणाची हरकत नव्हती. गोधडी काढली, की सगळ्यांना माझ्या कंबरेची आणि डोळ्यांची काळजी वाटू लागायची. म्हणजे सुई वाईट नव्हती. ती माझ्यासाठी चालली, एवढंच वाईट होतं.

सासरी आले. नवरा समजूतदार आहे. 'शीव ना, तुला कोण अडवतंय?' म्हणतो आणि पेपर उघडतो. बाळ रडलं की मला हाक मारतो. अडवत कुणीच नाही, पण बाळ धरतही कुणी नाही. अर्धी गोधडी सहा महिने पेटीवर पडून होती.

बाळ सात महिन्यांचं झालं, तेव्हा एका सकाळी पिशवी भरली. दुपटी, वाटी-चमचा, वर ती गोधडी. कडेवर बाळ, आणि एकटीच न्हावऱ्यावरून केडगावकडे जाणाऱ्या एस.टी.त बसले. तिथून रेल्वेनं दौंड. एवढासाच प्रवास, पण घरात त्यावर दोन दिवस चर्चा झाली होती. गाडीत शेजारच्या आजींनी विचारलं, 'बरोबर कुणी न्हाई?' मी नाही म्हटल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि हात पुढं केले. 'आण इकडं. तू जरा भाईर बघ.' भीमेचा पूल येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. ऊस, पाटाचं पाणी, मेंढरांचा कळप. सात महिन्यांत पहिल्यांदा माझे दोन्ही हात मोकळे होते. मला रडू आलं.

केडगावला उतरले आणि पंडिता रमाबाई आठवल्या. त्यांची मुलगी मनोरमा १८८१ सालची. ती वर्षाचीही झाली नव्हती, तोच रमाबाईंना वैधव्य आलं. त्याच १८८२ साली पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीती' लिहिलं आणि १८८३ साली दोन वर्षांच्या लेकीला घेऊन त्या बोटीनं इंग्लंडला गेल्या. पुढं याच केडगावात १८९८ साली मुक्ती सदन आणलं. आपण त्यांचं धाडस सांगतो, ते सांगायलाच हवं. पण वाँटेजच्या मठातील भगिनींनी मनोरमेला सांभाळलं, म्हणून त्यांना शिकता-शिकवता आलं, हे सांगायचं राहून जातं. मुलीला काय शिकवावं यावरून त्या भगिनींशी रमाबाईंचे पत्रांतून खटकेही उडाले. मूल दुसऱ्याच्या हाती दिलं म्हणून आईपण गहाण पडत नाही, हेही त्यांनी दाखवून दिलं.

मग आपल्या दोन तालुक्यांत हे हात कुठून यायचे? रांजणगाव आणि कुरकुंभ, दोन्हीकडे एम.आय.डी.सी. आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघराची अट आली. पण उसाच्या फडावर कोयता घेऊन आलेल्या बाईला कसली रजा? तिची झोळी बांधावरच्या झाडाला. अंगणवाडीत मूल बसतं ते तिसऱ्या वर्षापासून. त्याआधी ते कुणी धरायचं? बहुतेक घरांत उत्तर एकच : गुडघे दुखणारी आजी, नाहीतर शाळा बुडवणारी थोरली बहीण. एका बाईचा मोकळा तास दुसऱ्या बाईच्या, नाहीतर पोरीच्या, पदरातून काढून घ्यायचा असेल तर त्याला मुक्ती कसं म्हणायचं?

परत आल्यावर शिरूरच्या गटात मी तोच गोल पुन्हा काढला. या वेळी प्रश्न बदलला : 'त्या तासात बाळ कोण धरणार?' सगळ्या गप्प. मग एकीनं नवऱ्याचं नाव घेतलं आणि हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचं शिलाई मशीन दोन वर्षं चादरीखाली झाकलेलं. पुढच्या बैठकीला तिनं सांगितलं, रविवारी त्यानं तासभर पोर सांभाळलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. पण मशीनला तेल घालून झालं. परकर नाही, झबलं नाही. तिनं पहिल्यांदा स्वतःसाठी पिशवी शिवली, खण लावलेली.

कुणी म्हणेल, हिंसाचाराचे आणि हुंड्याचे प्रश्न पडलेले असताना हे छंदांचं काय काढलंत? मलाही आधी तसंच वाटे. पण ज्या बाईला दिवसातला एक तास आपला म्हणता येत नाही, ती मारहाणीविरुद्ध उभी राहायला बळ कुठून आणणार?

म्हणून प्रत्येक गटाला विनंती. पुढच्या बैठकीत बाळंतिणीला 'कशी आहेस' विचारून थांबू नका. बाळ घ्या. बैठकीत बाळ धरायची पाळी लावा, आणि घरी ती पाळी बाळाच्या बापाला लावायला तिला साथ द्या. ग्रामसभेत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची मागणी लेखी द्या. काय झालं ते आम्हाला कळवा. जमलं नाही तर तेही कळवा.

माझी गोधडी अजून पुरी झालेली नाही. पण रोज रात्री जेवणानंतर पाऊण तास ती पेटीवरून खाली येते. तेवढा वेळ बाळ त्याच्या बापाकडे असतं. पेपर सकाळी वाचून होतो.