दुरुस्तीच्या विद्येची मक्तेदारी

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक मसुदा प्रसिद्ध केला. चालकाखेरीज आठांहून अधिक प्रवासी नेणारी वाहने, बसगाड्या आणि मालमोटारी यांत आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक, गाडी मार्गिकेबाहेर जात असल्याची सूचना आणि चालकाला डुलकी लागत असल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची करावी, असा तो प्रस्ताव होता. ज्या देशात २०२२ या एकाच वर्षी १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली, त्या देशात अशा प्रस्तावाचे स्वागत व्हावे हे योग्यच आहे. मात्र या स्वागतात एक साधा प्रश्न बाजूला पडला. ही यंत्रणा बिघडल्यास ती नीट कोण करणार? आणि ती विद्या त्याला कोण शिकवणार?

आपल्यातील काही मित्र म्हणतील की, हा सुखवस्तूंच्या मोटारींचा प्रश्न आहे. श्रमिकांच्या चळवळीने त्यात का पडावे? २०२१ साली चाकणला बनलेली एक्सयूव्ही ७०० ही यंत्रणा घेऊन बाजारात आली, तेव्हा हा आक्षेप कदाचित खपून गेला असता. पण आता प्रश्न एस.टी.च्या बाकावर बसणाऱ्या प्रवाशाचा, रात्रभर मालमोटार हाकणाऱ्या चालकाचा आणि गावोगावच्या गॅरेजांत हात काळे करणाऱ्या कारागिराचा होऊ घातला आहे.

प्रथम या कामाचे स्वरूप समजून घेऊ. बाजारात जिला ‘अडास’ म्हणतात ती यंत्रणा मुख्यतः पुढच्या काचेमागील कॅमेरा आणि बंपर किंवा जाळीमागील रडार यांच्या आधारे रस्ता पाहते. काच बदलली, बंपर उतरवला, अपघातानंतर सांगाडा सरळ केला, एवढेच काय, कित्येक गाड्यांत चाकांचे अलाइनमेंट केले, तरी त्यांचा रोख पुन्हा जुळवावा लागतो. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. त्यासाठी सपाट जमीन, पुरेसा आणि एकसारखा उजेड, ठरलेल्या अंतरावर मोजून उभे केलेले लक्ष्यफलक, टायरांत योग्य हवा आणि कंपनीचे सॉफ्टवेअर लागते. काही गाड्या तर स्पष्ट पट्टे आखलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगाने चालवूनच जुळवाव्या लागतात. रोख केवळ एका अंशाने चुकला, तर शंभर मीटरवर तो सुमारे पावणेदोन मीटर सरकतो. आपल्या महामार्गाची मार्गिका साडेतीन मीटर रुंद असते. म्हणजे एका अंशाच्या चुकीने यंत्राला समोरची गाडी अर्धी मार्गिका बाजूला दिसेल. बंपरवर पुट्टीचा जाड थर चढला तरी रडारची नजर मंदावते. आणि अशी प्रत्येक चूक डॅशबोर्डवर दिवा लावून सांगितली जाईलच, अशी खात्री नसते.

अर्थशास्त्राच्या भाषेत येथे बाह्य परिणामांचा प्रश्न उभा राहतो. काच बदलून, कॅलिब्रेशन न करता गाडी परत दिली, तर वाचलेले पैसे मालकाचे. परंतु धोका रस्त्यावरच्या तिऱ्हाइताचा. म्हणून हे काम कोणीही कसेही करावे, असे म्हणणारा माणूस गरीब कारागिराचा मित्र नव्हे. या कामाला प्रशिक्षण हवे, परीक्षा हवी, परवाना हवा. वाद आहे तो हे सारे कोणाच्या ताब्यात असावे, याविषयी.

वाहन कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे: गाडी आमच्या अधिकृत केंद्रातच आणा, बाहेरच्या मेकॅनिकला यातले काही कळत नाही. पण त्याला कळू नये अशी व्यवस्था कोणी केली? २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि तपासणीची साधने त्या स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू देत नाहीत, हा त्या निर्णयाचा गाभा होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. गॅरेजवाल्याच्या हाती मात्र पुस्तिका आली नाही. आधी विद्या नाकारायची आणि मग अडाणीपणाचा दाखला देऊन हक्क नाकारायचा, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. जोतीरावांनी आयुष्यभर जिच्यावर आघात केला, तीच ही रीत; फक्त पोथीच्या जागी आता पासवर्ड आला आहे.

हे अटळ आहे असेही नाही. युरोपीय संघात दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना वाजवी शुल्कात देण्याचे बंधन कंपन्यांवर आहे, आणि कायद्यात नसलेल्या अटी घालून ती वाट अडवता येणार नाही, असे तेथील न्यायालयाने ५ ऑक्टोबर २०२३ रोजी बजावले. कंपनीविरुद्ध दाद मागणाऱ्यांत गाड्यांच्या काचा बदलणारा एक व्यवसाय होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’चे संकेतस्थळ उघडले आणि त्यात वाहनक्षेत्रही घेतले. पण ज्याचा भंग केला तर शिक्षा नाही, तो हक्क कसला?

आता प्रशिक्षणाकडे वळू. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक हजार सरकारी आय.टी.आय. सुधारण्याची ६०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात केंद्राचे ३०,००० कोटी, राज्यांचे २०,००० कोटी आणि उद्योगांचे १०,००० कोटी. मालकी सरकारची, व्यवस्थापन उद्योगांचे, असे तिचे सूत्र आहे. म्हणजे सहा रुपयांतले पाच जनतेचे, एक उद्योगाचा; आणि वर्गात काय शिकवायचे हे ठरवण्यात वजन त्या एका रुपयाचे! गॅरी बेकर हे काही समाजवादी नव्हते. पण त्यांनीच १९६४ साली दाखवून दिले की, कामगाराला कोठेही उपयोगी पडेल अशा शिक्षणाचा खर्च मालक स्वतःहून उचलत नाही. तो खर्च करतो तो आपल्याच कारखान्यात उपयोगी पडणाऱ्या शिक्षणावर. मग कारभार त्याच्या हाती दिल्यावर मुलगा कॅमेऱ्याचे प्रकाशशास्त्र आणि रडारचे तत्त्व शिकेल, की एकाच कंपनीच्या पडद्यावरची बटणे दाबायला शिकेल? शिवाय १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार शिकाऊ हा कामगार मानला जात नाही. अर्धवट विद्या आणि अर्धवट हक्क घेऊन तो बाहेर पडेल.

तेव्हा आपली मागणी नेमकी असली पाहिजे. एक, भारतात गाडी विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने कॅलिब्रेशनची पद्धत, मापे आणि सॉफ्टवेअर कोणत्याही प्रशिक्षित गॅरेजला वाजवी शुल्कात द्यावे, आणि नकाराला दंड असावा. दोन, प्रत्येक जिल्ह्यात किमान एका सरकारी आय.टी.आय.मध्ये कॅलिब्रेशनची सुसज्ज जागा असावी. एकट्या गॅरेजवाल्याला न पेलणारी ही साधने त्याला तेथे अल्प भाड्याने मिळावीत. तीन, काम करणाऱ्या मेकॅनिकांसाठी संध्याकाळचे वर्ग मराठीतून चालावेत आणि त्यांचा अनुभव जमेस धरला जावा. प्रमाणपत्र कामगाराचे असावे, कंपनीचे नव्हे. चार, काच किंवा बंपर बदलल्यावर कॅलिब्रेशनची लेखी नोंद सक्तीची व्हावी आणि विम्यातून त्याचा खर्च मिळावा. पाच, एस.टी.च्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत हे काम महामंडळाच्या स्वतःच्या यांत्रिकांनी करावे. एकदा ते कंत्राटदाराकडे गेले की त्याची विद्याही त्याच्याच घरी जाईल.

कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील गॅरेजवाल्यांना एकत्र बोलवावे, जवळच्या आय.टी.आय.च्या प्राचार्यांना अभ्यासक्रम विचारावा, आगारातील यांत्रिकांशी बोलावे. यंत्र आले म्हणून कारागीर देशोधडीला लागत नाही. यंत्राची विद्या त्याच्यापासून लपवली, म्हणजे तो लागतो. गिरण्यांच्या वेळी आपण फार उशिरा जागे झालो होतो. गॅरेजांच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही.