गगनबावड्याच्या मुली आणि सायबर सुरक्षा

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर दरोडा पडला. 94 कोटी रुपये गेले. त्यातली काही रक्कम बनावट कार्डांनी चक्क कोल्हापूरच्या एटीएममधून काढली गेली. म्हणजे हा धोका आपल्या जिल्ह्याच्या दारात येऊन बरीच वर्षे झाली. तो परतवणाऱ्या मनुष्यबळात मात्र, जागतिक पाहण्यांनुसार, स्त्रिया जेमतेम पाव हिस्सा आहेत.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट आणि डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडिया यांनी केंद्र सरकारच्या साथीने अभियांत्रिकी पदवीधर मुलींसाठी ‘सायबरशिक्षा’ ही प्रशिक्षण योजना सुरू केली. दिशा योग्यच होती. पण गगनबावड्यासारख्या डोंगरी, धो-धो पावसाच्या तालुक्यातली मुलगी पदवीपर्यंत पोहोचायची कशी? 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्याने माफ केले, हे मोठेच पाऊल. तरी कोल्हापूर पन्नासेक किलोमीटरवर. खोली, मेस, लॅपटॉप यांचा खर्च उरतोच, आणि घरचे अडतात ते बहुधा तिथेच.

पुढे नोकरीतही अडचण आहेच: संगणक यंत्रणांवर पहारा चोवीस तास चालतो, रात्रपाळी चुकत नाही. तेव्हा कंपन्यांनी सुरक्षित वाहतूक द्यायलाच हवी. जिल्हा प्रशासनाने मुलींच्या वसतिगृहांत जागा वाढवाव्यात. आणि शिवाजी विद्यापीठाने सायबर सुरक्षेचे अल्पमुदतीचे वर्ग थेट गगनबावड्यात, मराठीतून घ्यावेत. बारावीनंतरच्या सुट्टीत, पाऊस लागण्याआधी.