पहारेकरी झोपेत असताना

पणजी असो की इंदूरचे विजयनगर, मराठी घरात गर्भाशयाच्या दुखण्याविषयी मोकळेपणाने बोलण्याची रीत नाही. अवेळी होणारा रक्तस्राव ‘बायकांचे चालायचेच’ म्हणून वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो. या संकोचाचे मोल जबर आहे. २०२२ या एका वर्षात भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्याचा जागतिक अंदाज आहे.

या रोगाच्या मुळाशी ‘ह्यूमन पॅपिलोमा’ विषाणू असतो, हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू इतका सार्वत्रिक आहे की, त्यावरून कोणाच्या शीलाविषयी शंका घेणे हा निव्वळ अडाणीपणा होय. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत हद्दपार होतो. थोड्यांच्या ठायी मात्र ठाण मांडतो. तो रक्तात उतरत नाही, दाह माजवीत नाही. अस्तराच्या थरांत चोरपावलांनी वावरतो आणि शरीराचा पहारेकरी झोपेतच राहतो. त्यातून कर्करोग होण्यास बहुधा १५-२० वर्षे लागतात.

या पहारेकऱ्याला पुन्हा जागे करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. याच विषाणूच्या दोन प्रकारांमुळे श्वसनमार्गात वारंवार उद्भवणाऱ्या गाठींवर, प्रतिकारशक्ती जागविणाऱ्या औषधाला अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये मान्यता मिळाली. ही वार्ता आशादायक खरी. परंतु तिच्या आडून प्रतिकारशक्ती वाढविणारे काढे व गोळ्या विकणाऱ्यांपासून आमच्या भगिनींनी सावध राहिले पाहिजे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही संसर्ग टाळते, जडलेला संसर्ग घालवीत नाही. म्हणून ती मुलींना वेळीच टोचली पाहिजे.

मग तिशी ओलांडलेल्या माउलीने काय करावे? उत्तर आमच्या शेजारीच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटाला या विषाणूची चाचणी एकदाच देऊ केली, त्यातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने गेल्या. चाचणीविना राहिलेल्या गटातील ३१,४८८ पैकी ६४. एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चाचणीविना ठेवलेल्या त्या स्त्रियांबद्दल नैतिक आक्षेपही घेतले गेले, आणि ते अनाठायी नव्हते. त्या शेतकरी, मजूर स्त्रियांनी प्राणांचे मोल देऊन जे ज्ञान आम्हाला दिले, ते अहवालात बांधून ठेवणे ही कृतघ्नता ठरेल.

तेव्हा आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ही चाचणी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, स्त्री कर्मचाऱ्यांकडून आणि विनामूल्य व्हावी. दोष आढळल्यास उपचार त्याच तालुक्यात मिळावेत. एचआयव्हीबाधित भगिनींना धोका सहापट असल्याने त्यांना अग्रक्रम असावा. देहातील पहारेकरी झोपला तर त्याचा दोष कोणाला देता येत नाही. शासन आणि समाज झोपले, तर मात्र त्याला क्षमा नाही.