शपथ कोणासाठी मोडली?

दिवाळीचा फराळ चालू होता आणि आमच्या भाचेमंडळींत भांडण जुंपले. कारण चकली नव्हे, शपथ! हल्लीची मुले फासे टाकून एक कथाखेळ खेळतात. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रे व्हायचे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचे नाव. 1974 साली तो अमेरिकेत निघाला आणि हिंडत हिंडत आमच्या नागपुरातल्या ओसरीवर येऊन बसला. त्यात 'पॅलाडिन' नावाचा एक धर्मवीर असतो. शपथ हेच त्याचे बळ. ती मोडली की दैवी शक्ती गेली!

तर भाच्याचा धर्मवीर खोटे बोलला होता. गावकरी रानात लपलेले, लुटारूंनी विचारले, "कुठं गेले?" याने बोट दाखवले भलत्याच दिशेला. गोष्ट सांगणाऱ्या पोराने तिथल्या तिथे निकाल दिला: शक्ती गेली. भाचा रडकुंडीला येऊन म्हणाला, "मामा, काहून जाईल? मी तर माणसं वाचवली!"

मी म्हटले, बाबा रे, हा खटला फार जुना आहे. महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाचा एक तपस्वी आहे. सत्यच बोलायचे, हे त्याचे व्रत. दरोडेखोरांना भिऊन माणसे रानात शिरली, दरोडेखोरांनी कौशिकाला वाट विचारली, आणि या सत्यवाद्याने ती दाखवली! माणसे मेली. व्रत अभंग राहिले आणि कौशिक नरकात गेला. ही गोष्ट श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात, कारण अर्जुनही शपथेपायीच धर्मराजावर तलवार उपसून उभा असतो. 'गांडीव दुसऱ्याला दे' असे जो म्हणेल त्याला मारीन, ही त्याची प्रतिज्ञा. आणि नेमके तेच थोरला भाऊ बोलून बसलेला. कृष्णाने तोड काढली: वडीलधाऱ्याला अरे-तुरे करणे म्हणजे त्याला मारण्यासारखेच, तेवढे कर!

"म्हणजे मोडली तरी चालते?" पोरांचे डोळे चमकले. इथेच मामाला सावध व्हावे लागते. मग मी त्यांना बर्डीवर नेले. खरेदीला नव्हे, इतिहासात.

27 मे 1816 रोजी आप्पासाहेब भोसल्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. तोही गुपचूप, आणि दरबारातले आपले आसन बळकट करण्यासाठी. पुढल्या वर्षी पेशव्यांनी इंग्रजांशी युद्ध पुकारले. आता एका बाजूला तहाचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला मराठी राज्याशी पिढीजात इमान. 24 नोव्हेंबर 1817 रोजी आप्पासाहेबांनी भर दरबारात पेशव्यांची वस्त्रे स्वीकारली आणि 26 तारखेला सीताबर्डीच्या टेकड्यांवर तोफा धडाडल्या. दुसऱ्या दिवशी लढाई हरली. इंग्रजांनी त्यांना विश्वासघातकी ठरवले. पण परक्याला दिलेला शब्द मोडला म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. मला डाचते ते वेगळेच. हरल्यावर त्यांनी रेसिडेंटाकडे निरोप धाडला की हा हल्ला आपल्या संमतीने झालाच नाही! तह केला तो स्वतःसाठी, आणि मोडला तोही स्वतःच्या नावावर घेतला नाही. टेकडीवर मेलेल्या शिपायांनी मग कोणाच्या शब्दासाठी प्राण दिले?

या गोष्टीला शेपूटही आहे. कैदेतून निसटलेले आप्पासाहेब महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाने राहिले आणि भटकत भटकत अखेर जोधपूरला पोहोचले. जोधपूरच्या मानसिंहांनीही 1818 साली इंग्रजांशी तह केलेला होता. इंग्रजांनी पाहुणा मागितला. शरण आलेल्याला देत नाही, असे मानसिंहांनी उघड सांगितले आणि इंग्रजांचा रोष पत्करला. 1840 साली आप्पासाहेब वारले ते जोधपुरातच.

पोरे गप्प झाली. मग भाच्याने मोबाइलवर त्या खेळाचे 1978 सालचे नियम शोधून काढले. त्यातही हाच भेद निघाला: जाणूनबुजून दुष्कृत्य केले तर धर्मवीरपण कायमचे गेले, नुसता नियमभंग असेल तर धर्मगुरूपुढे कबुली द्यावी आणि प्रायश्चित्त घ्यावे.

तेव्हा माझा निकाल असा. शपथ मोडणाऱ्याला दोनच प्रश्न विचारावेत: कोणासाठी मोडलीस? आणि 'मी मोडली' असे चारचौघांत म्हणतोस का? पहिल्याचे उत्तर 'स्वतःसाठी' असेल, तर दुसरा प्रश्न विचारण्याची गरजच नाही.

भाच्याने क्षणभर विचार केला. "माझा धर्मवीर देवळात जाऊन सांगेल की मी खोटं बोललो," तो म्हणाला, "पण पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलीन, हेही सांगेल."

गोष्ट सांगणाऱ्या पोराने माझ्याकडे पाहिले. मी करंजी उचलली. देवळातल्या धर्मगुरूने काय म्हणावे, हे ठरवायला मी काही श्रीकृष्ण नव्हे.